वार्धक्याची तारीख

महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्या, शाळा आणि जिल्हा परिषदा यांमध्ये ३१ मे हा निरोपसमारंभांचा दिवस असतो. एरवी महिनाअखेरीस एखाददुसरा मनुष्य निवृत्त होतो. या दिवशी मात्र अनेक जण एकदम बाहेर पडतात. शाल-श्रीफळ दिले जाते, भाषणे होतात, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या मंडळींची गणना वृद्धांत होऊ लागते. जूनच्या पहिल्या तारखेस या प्रांतात इतकी मुले जन्मास यावीत असे काही निसर्गाच्या मनात नव्हते. त्याचे कारण शाळेच्या रजिस्टरात आहे. ज्या घरांत जन्मपत्रिका करण्याची चाल नव्हती आणि जन्माची नोंदही कोठे झालेली नव्हती, त्या घरांतील मूल शाळेत आले म्हणजे मास्तर त्याच्या अंगलटीवरून वयाचा अंदाज करीत आणि शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होत असल्यामुळे १ जून ही तारीख लिहून टाकीत. तीच तारीख पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आली आणि तेथून नोकरीच्या सेवापुस्तकात गेली. ज्या महिन्यात वयाची मर्यादा पूर्ण होते त्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती, परंतु जन्म पहिल्या तारखेचा असल्यास आदल्या महिन्याच्या अखेरीस, असा सेवेचा नियम आहे. म्हणून ३१ मे.

कोणी म्हातारे केव्हा व्हावे, हे पन्नास वर्षांपूर्वी एका खेड्यातील शिक्षकाच्या टाकाने ठरविले, असा याचा अर्थ. हा प्रकार गमतीचा वाटतो. परंतु त्यामागे एक मोठे ऐतिहासिक परिवर्तन आहे. माणसाला वृद्ध म्हणावयाचे ते कशावरून, हा प्रश्न पूर्वी घराने आणि गावाने सोडविला होता. गेल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत तो राज्याने आपल्याकडे घेतला. त्यामुळे माणसाच्या पदरात काय पडले आणि त्याच्या हातून काय गेले, याचा हिशेब पाहण्याजोगा आहे.

प्रथम शब्दाचाच इतिहास पाहावा. मराठीतील ‘म्हातारा’ हा शब्द संस्कृत ‘महत्तर’ या शब्दापासून आला आहे. महत्तर म्हणजे अधिक मोठा, श्रेष्ठ. प्राचीन ताम्रपटांत राजा भूमिदान करीत असे तेव्हा गावच्या महत्तरांचा उल्लेख येतो. ती गावातील जाणती, प्रतिष्ठित मंडळी. शेताची सीमा कोणत्या ओढ्यापर्यंत आहे, वाट कोणाची, पाणी कोणाचे, हे त्यांना ठाऊक असे. लेखी कागद थोडे आणि स्मरण हेच दफ्तर, अशा समाजात ज्याने अधिक पावसाळे पाहिले त्याच्या शब्दाला मोल असणे स्वाभाविक होते. त्याच शब्दाचा प्रवास शेवटी अशा ठिकाणी येऊन थांबला आहे, की कोणाला तोंडावर ‘म्हातारा’ म्हटले तर तो रागावतो.

जुन्या परंपरेत वार्धक्याला वर्षाचा ठराविक आकडा नव्हता. मनुस्मृतीत गृहस्थाने वनाची वाट केव्हा धरावी याची लक्षणे दिली आहेत, ती अशी : अंगावर सुरकुत्या दिसू लागाव्यात, केस पिकावेत आणि नातवंडाचे मुख पाहावे. पहिली दोन लक्षणे देहाची आहेत. तिसरे नात्याचे आहे. मुलाला मूल झाले, आता घर पुढच्याने सांभाळावे, असा त्याचा आशय. ज्योतिषाच्या अंगाने पाहिले तर साठ या संख्येला आपल्याकडे निराळेच महत्त्व आहे. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरांचे एक चक्र मानले जाते. साठ वर्षे पुरी झाली म्हणजे जन्माच्या वेळी जे संवत्सर होते तेच पुन्हा येते. म्हणून साठीशांत करावयाची. पुढे एक्याऐंशीच्या आसपास हजार पौर्णिमा पाहून झाल्या की सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा. ‘साठी बुद्धी नाठी’ असेही लोक म्हणत आलेच आहेत. परंतु ती थट्टा होती, तो कायदा नव्हता. साठीशांत झाल्यावर दुसऱ्या दिवशी कोणी शेतकऱ्याच्या हातातून नांगर काढून घेत नसे.

येथपर्यंत ऐकून पूर्वीचा काळ वृद्धांना फार सुखाचा होता असे कोणी समजेल, तर ती चूक ठरेल. घराने आणि गावाने दिलेला मान हा ज्याच्या नावावर जमीन होती आणि ज्याच्या हाती किल्ल्या होत्या त्याच्यासाठी होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात बाल, वृद्ध आणि आपद्ग्रस्त यांपैकी जे निराधार असतील त्यांचे पोषण राजाने करावे असे सांगितले आहे, आणि बायकामुलांची सोय न लावता संन्यास घेणाऱ्याला दंड सांगितला आहे. नियम करावा लागतो तो आचरणात उणीव असते म्हणूनच. शिवाय वय मोजण्याची ही सामाजिक रीत स्त्री आणि पुरुष यांना एकच नव्हती. १८९९ साली रंगभूमीवर आलेल्या गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ नाटकाचा विषय आठवावा. पैसेवाला वृद्ध बोहल्यावर चढावयास योग्य समजला जात होता. आणि त्याच समाजात बारा-पंधरा वर्षांच्या विधवेचे आयुष्य मात्र संपले असे मानले जात होते. देहाने जो थकला तो तरुण आणि जिचे जगणे सुरूही झाले नाही ती जीर्ण, असा हा न्याय होता. कोण म्हातारे हे सांगण्याचा अधिकार ज्याच्या हाती असतो, त्याच्या सोयीने वय लांबते आणि आखूड होते, हा धडा त्या काळानेही दिला आहे.

आकड्याचे राज्य सुरू झाले ते युरोपात, कारखान्यांच्या युगात. गाव सोडून शहरात मजुरीला आलेल्या माणसाजवळ शेत नव्हते आणि त्याच्या स्मरणाचाही कोणाला उपयोग नव्हता. हात चालेनासे झाले की तो निराधार होई. १८८१ साली जर्मन सम्राट पहिला विल्हेल्म याच्या नावाने एक संदेश तेथील संसदेपुढे ठेवण्यात आला. वयामुळे किंवा अपंगत्वामुळे काम करण्यास असमर्थ ठरलेल्यांचा राज्याच्या मदतीवर हक्क आहे, असा त्याचा आशय होता. सम्राट स्वतः त्या वेळी ८४ वर्षांचा होता. १८८९ साली यासंबंधीचा कायदा झाला आणि वृद्धत्वाच्या निवृत्तिवेतनासाठी ७० हे वय निश्चित झाले. पुष्कळ ठिकाणी हे वय ६५ होते असे लिहिलेले आढळते, ते बरोबर नाही. ६५ हा आकडा जर्मनीत १९१६ साली आला. कायदा घडविणारा चॅन्सेलर बिस्मार्क १८८९ साली ७४ वर्षांचा होता. मजुराला ज्या वयात काम करण्यास असमर्थ मानले, ते वय ओलांडूनही तो साम्राज्य चालवीत होता.

ब्रिटनने १९०८ साली वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा केला आणि १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरजूंना आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग मिळू लागले. तेथेही १ जूनसारखीच अडचण उभी राहिली. त्या वेळी ब्रिटिश अमलाखाली असलेल्या आयर्लंडमध्ये जन्मनोंदणी सर्वांसाठी सुरू झाली होती ती १८६४ साली. म्हणजे १९०९ मध्ये जो कोणी सत्तर वर्षांचा असेल त्याच्याजवळ सरकारी दाखला असणे शक्यच नव्हते. परंतु ६ जानेवारी १८३९ च्या रात्री आयर्लंडवर एक प्रचंड वादळ कोसळले होते. त्या रात्रीची आठवण म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या तोंडी होती. ज्याला ते वादळ आठवते त्याची सत्तरी उलटली असली पाहिजे, असे धरून कित्येक अर्जदारांचे वय मान्य करण्यात आले. साहजिकच ते वादळ आठवणाऱ्यांची संख्याही वाढली.

आपल्याकडील मंडळींना यात नवल वाटू नये. प्लेगच्या साली जन्मलेला, इन्फ्लुएंझाच्या साथीत चालू लागलेली, कोयनेच्या भूकंपाच्या वेळी पोटात असलेला, अशाच रीतीने खेड्यापाड्यांत वय सांगितले गेले आहे. १८९६ ची साथ, १९१८ ची साथ, १९६७ चा भूकंप, १९७२ चा दुष्काळ ही आपली वादळे. जनगणनेत वय विचारले असता शून्य किंवा पाच यांवर संपणारा आकडा सांगण्याची आपल्या लोकांची प्रवृत्ती अभ्यासकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. माणसाला आपले आयुष्य प्रसंगांनी आठवते. राज्याला मात्र ते तारखेने हवे असते.

हिंदुस्थानातील ब्रिटिश राजवटीने आपल्या नोकरांसाठी ५५ हे निवृत्तीचे वय ठरविले होते. १९२२ पासून लागू झालेल्या सेवेच्या मूलभूत नियमांत ते कायम झाले, आणि त्याच नियमांत कचेरीतील लेखनिकवर्गाला कार्यक्षम असल्यास साठीपर्यंत ठेवण्याची मुभाही होती. स्वातंत्र्यानंतर १९६२ साली केंद्र सरकारने ही मर्यादा ५८ केली आणि १९९८ साली ६० केली. आयुर्मान वाढत गेले हे त्याचे एक उघड कारण होते. १९५१ च्या सुमारास भारतात जन्मलेल्या बालकाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षे होते. आज ते सत्तरीच्या आसपास आहे. अर्थात, ३२ म्हणजे त्या काळी लोक तिशीतच म्हातारे होत असा त्याचा अर्थ नव्हे. बालमृत्यू फार होते, त्यामुळे सरासरी खाली येत असे. जो चाळिशी ओलांडी, तो साठी पाहण्याचा संभव तेव्हाही बराच होता.

तथापि, केवळ देहाचा विचार करून हे आकडे ठरले असे म्हणता येत नाही. संविधानाने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना ६५ ची मर्यादा दिली. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना आरंभी ६० ची दिली आणि १९६३ च्या घटनादुरुस्तीने ती ६२ केली. १९६२ नंतरची बरीच वर्षे केंद्राच्या कचेरीतील अधिकारी ५८ व्या वर्षी निवृत्त होई आणि त्याच्या दारावरचा शिपाई साठाव्या वर्षी. महाराष्ट्र राज्याच्या सेवेतही हाच भेद पुढे टिकला. रेल्वेच्या खिडकीवर मार्च २०२० पर्यंत जी सवलत मिळे, तिच्यासाठी स्त्री ५८ व्या वर्षी ज्येष्ठ होती आणि पुरुष साठाव्या. आयकराच्या दृष्टीने २०११ पर्यंत ६५ वर्षांचा मनुष्य ज्येष्ठ होता. त्या वर्षी हे वय साठावर आले, आणि ऐंशीच्या पुढच्यांसाठी अतिज्येष्ठ असा आणखी एक वर्ग झाला. बासष्ट वर्षांचे लक्षावधी लोक एका अर्थसंकल्पाने ज्येष्ठ झाले. त्यांच्या केसांना मात्र त्याची वार्ताही नव्हती.

आकड्याचा निकाल आणि माणसाचे सामर्थ्य यांत किती अंतर पडू शकते, याची साक्ष देणारी चरित्रे आपल्या इतिहासात आहेत. १९०६ साली कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद दादाभाई नौरोजींनी भूषविले तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. आवाज थकलेला असल्यामुळे त्यांच्या भाषणाचा मोठा भाग गोपाळ कृष्ण गोखले यांनी वाचून दाखविला. आवाज गोखल्यांचा, परंतु स्वराज्याची मागणी दादाभाईंची. मोरारजी देसाई १९१८ साली मुंबई प्रांताच्या मुलकी सेवेत शिरले आणि १९३० साली राजीनामा देऊन बाहेर पडले. ते नोकरीत राहिले असते तर ५५ वर्षे पुरी होताच, म्हणजे १९५१ च्या फेब्रुवारीअखेर, नियमाने त्यांना घरी बसविले असते. १९५२ साली ते मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि १९७७ साली, एक्याऐंशीव्या वर्षी, देशाचे पंतप्रधान.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण तर या दृष्टीने विशेष मननीय आहे. १८९१ पासून फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून १९१४ साली ते निवृत्त झाले. १९१६ साली त्यांनी महिला विद्यापीठाची स्थापना केली, तेव्हा त्यांचे वय ५८ होते. १९२९ साली, ७१ व्या वर्षी, ते विद्यापीठाच्या कार्यासाठी परदेशच्या दौऱ्यावर निघाले. १९३६ साली, ७८ व्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी त्यांनी मंडळ काढले, आणि १९४४ साली समता संघ. शंभराव्या वर्षी त्यांना भारतरत्न मिळाले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या १०४ थ्या वर्षानंतर, त्यांचे देहावसान झाले. ज्या वर्षी सरकारने निवृत्तीचे वय ५८ केले ते हेच वर्ष. ज्या वयात कर्व्यांनी विद्यापीठ उभारले, त्या वयाला यापुढे सरकारी सेवेचा शेवट म्हणावयाचे होते. आणि कर्व्यांचे कार्य कोणासाठी होते? ज्यांना समाजाने पंधराव्या वर्षीच आयुष्यातून निवृत्त केले होते, त्या विधवांसाठी ते सुरू झाले होते.

परंतु अशा चरित्रांचा दाखला देताना एक सावधगिरी बाळगली पाहिजे. लेखणी आणि वाणी यांवर चालणारे काम ऐंशीव्या वर्षीही करता येते. ऊसतोड करणारी बाई किंवा खडी फोडणारा मजूर पन्नाशीतच वाकतो. थोरांची उदाहरणे सांगून अशांना ‘वय हे केवळ मनाचे असते’ असा उपदेश करणे क्रूरपणाचे होईल. त्यांना तारीख हवी आहे आणि तीही लवकरची. ज्याच्या नशिबी टेबलखुर्ची आहे त्याला निवृत्तिवेतनाची निश्चित तारीख मिळाली, आणि ज्याचा देह आधी झिजतो त्याला ती फार उशिरा व फार थोडी मिळाली, हे आपल्या व्यवस्थेतील वैगुण्य आहे. संविधानाच्या ४१ व्या अनुच्छेदाने वृद्धापकाळी सार्वजनिक साहाय्याचा हक्क मिळवून देण्याचे कर्तव्य राज्याला सांगितले. त्यानुसार देशभर लागू होणारी राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी आली. पासष्टी उलटलेल्या निराधारांना तीतून केंद्राचे दरमहा ७५ रुपये मिळत. २०११ साली वय साठावर आणले गेले आणि केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयासाठी २०० रुपये व ऐंशीपासून पुढे ५०० रुपये असा ठरला; राज्ये त्यात आपापली भर घालतात. महाराष्ट्रातील योजनेला श्रावणबाळाचे नाव आहे, आणि तिच्यासाठी पुन्हा वयाचा पुरावा लागतो. जिचे नाव शाळेच्या रजिस्टरात कधी चढलेच नाही, तिला म्हातारी असल्याचे सिद्ध करावे लागते. सुरकुत्या आणि नातवंडे ही मनूची लक्षणे तेथे चालत नाहीत.

तारखेने आणखी एक प्रश्न उभा केला होता. १९७९ साली केंद्र सरकारने निवृत्तिवेतनाचे सूत्र अधिक उदार केले. परंतु त्याचा लाभ ३१ मार्च १९७९ रोजी किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच ठेवला. त्याआधी निवृत्त झालेल्यांच्या वतीने नकारा खटला सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी निकाल दिला, की निवृत्तिवेतन हे सरकारच्या मर्जीने मिळणारे दान नसून केलेल्या सेवेतून उत्पन्न झालेला हक्क आहे, आणि एका तारखेची रेघ ओढून सारख्याच वृद्धांत भेद करता येत नाही. १७ डिसेंबर हा दिवस निवृत्तिवेतनधारक आजही आपला दिवस म्हणून पाळतात. त्या निकालातील मर्म असे, की तारखेने माणसाला काही द्यावयाचे असेल तर तिचा आदर करावा. ती कोणापासून विनाकारण काही हिरावून घेत असेल तर तिची चौकशी करावी.

वार्धक्याच्या प्रश्नाची गुरुकिल्ली बहुधा येथेच आहे. ठराविक वयाच्या आकड्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या गेल्या आहेत. एक हक्क आणि दुसरा निवाडा. ‘तू पुष्कळ कष्टलास, आता तुझा भार समाज उचलील’, हा हक्क. ‘तू आता उपयोगाचा राहिला नाहीस’, हा निवाडा. हक्कासाठी आकडा अवश्य हवा; कारण आकडा नसला तर वृद्धाला प्रत्येक वेळी आपली दुर्बलता उघडी करून दाखवावी लागेल आणि मुलाच्या, सुनेच्या किंवा कारकुनाच्या दयेवर राहावे लागेल. २००७ साली आईवडिलांच्या आणि ज्येष्ठ नागरिकांच्या पालनपोषणाचा कायदा करण्याची वेळ आली, ती केवळ घराच्या मायेवर विसंबता येत नाही म्हणूनच. निवाड्याला मात्र आकडा पुरत नाही. त्यासाठी माणूस पाहावा लागतो, त्याचे काम पाहावे लागते, त्याचा देह कशाने झिजला ते पाहावे लागते.

दरवर्षी ३१ मे येतो. हार घातलेला गृहस्थ घरी परततो आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे १ जून रोजी, त्याचा कागदोपत्री वाढदिवस असतो. त्याची खरी जन्मतारीख कोणती हे त्याच्या आईला ठाऊक होते. ती कदाचित म्हणाली असेल, की त्या दिवशी मृगाचा पाऊस पडत होता, किंवा ज्वारीची कणसे भरली होती. सरकारी तारखेने त्याला निवृत्तिवेतन दिले, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु गावाच्या सीमेचा तंटा निघाला, विहिरीच्या पाण्याचा प्रश्न पडला, शाळेतल्या एखाद्या मुलाचे गणित अडले, तर त्या गृहस्थाला बोलावणे पाठवावयाचे की नाही, हे ठरविण्याचे काम सरकारने केलेले नाही. ते गावाकडेच राहिले आहे. असे बोलावणे जेथे जाईल, तेथे ‘म्हातारा’ या शब्दाला त्याचा पहिला अर्थ पुन्हा प्राप्त होईल.